अपंग हिरो, अपंग हिरोईन आणि रोमान्सची ई-बुकं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नाशिकमधले सात जण महिन्यातून एकदा भेटतो, चहा पितो आणि प्रेमकथांवरून भांडतो. दोघं पूर्ण अंध, एकीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी), एक कर्णबधिर, मला लहानपणीचा पोलिओ म्हणून डाव्या पायात कॅलिपर (आधाराचा सांगाडा), आणि उरलेल्या दोघी धडधाकट पण पुस्तकाच्या बाबतीत आमच्याहून खुळ्या. सिटीलिंकच्या बसमध्ये, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर कुणी ना कुणी विचारतंच की तुम्ही वाचता काय आणि मिळतं कुठे. दरवेळी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय.

गोष्ट ती गोष्ट. अपंग पात्रांच्या प्रेमकथा वेगळ्या शोधायच्या कशाला?

कारण न शोधता मिळत नाहीत हो. मी दहावीपासून प्रेमकथा वाचतेय, शेकड्याने वाचल्या असतील, आणि त्यात कुबडी घेतलेलं माणूस दिसलं की ते एकतर नायिकेची बिचारी बहीण असायचं जिच्या लग्नाची घरादाराला काळजी, नाहीतर कुणाच्या तरी पापाची शिक्षा भोगणारं. प्रेमात पडायचं काम कायम दुसऱ्यांचं. स्वतः प्रेमात पडणारी, रुसणारी, फोनची वाट बघणारी, आणि शिवाय कॅलिपर घालणारी बाई मी पहिल्यांदा पुस्तकात वाचली तेव्हा तिशी उलटून गेली होती. त्या रात्री झोप नाही आली, खोटं कशाला सांगू.

'दिव्यांग' म्हणायचं की 'अपंग'?

सरकारी कागदावर २०१६ पासून दिव्यांग चालू झालंय. आमच्यात पाच जणांना तो शब्द आवडत नाही, दोघांना चालतो. समोरच्याला विचारा आणि तो म्हणेल ते म्हणा. पुस्तक शोधताना मात्र दोन्ही शब्द टाका, नाहीतर अर्धी पुस्तकं हातची जातील.

पुस्तक चांगलं आहे की वैताग आणणारं, हे आधीच कसं ओळखायचं?

माझी एकच कसोटी आहे आणि ती सगळ्यांना पाठ झालीय. शेवटी तो माणूस बरा झाला की मेला, ते आधी बघायचं. दोन्हीपैकी काही झालं असेल तर लेखकाला त्या माणसाचं पुढे काय करायचं ते कळलं नव्हतं असं समजायचं आणि जरा जपून हात घालायचा.

ही खोड इंग्रजांनी लावली असंही नाही. आपल्याकडे मथुरेची कुब्जा बघा, कृष्णाची तिच्यावर मर्जी होते ती आधी तिचा वाकडा देह सरळ करून. अष्टावक्राने एवढ्या मोठ्या सभेत वाद जिंकला तरी महाभारतातल्या वनपर्वात बाप त्याला समंगा नदीत बुडी मारायला लावतो आणि आठही वाक सरळ होतात. जिंकल्याचं बक्षीस म्हणजे दुरुस्ती! तिकडे १८४७ च्या 'जेन आयर'मध्ये रॉचेस्टर आगीत आंधळा होतो, एक हातही जातो, मग जेन परत येते आणि दोनेक वर्षांत एका डोळ्याला दिसायला लागतं. ती कादंबरी मला प्रचंड आवडते, पण तो डोळा परत दिला नसता तरी जेन राहिलीच असती ना, मग कशाला दिला, हे माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

आणि मरणाचं उदाहरण म्हणजे जोजो मोयेस यांचं 'मी बिफोर यू', २०१२ चं. मान मोडून हात-पाय गेलेला श्रीमंत तरुण, त्याची देखभाल करायला आलेली मुलगी, प्रेम, आणि शेवटी तो स्वतःच्या मर्जीने स्वित्झर्लंडला जाऊन आयुष्य संपवतो. २०१६ मध्ये सिनेमा आला तेव्हा परदेशातल्या अपंग कार्यकर्त्यांनी जाहीर निदर्शनं केली की आमच्यासारखं जगण्यापेक्षा मेलेलं बरं असंच हे सांगतंय. आमच्यातल्या एकीला ते पुस्तक जीव की प्राण आहे आणि तिच्याशी वाद घालून मी दोनदा हरलेय. तिचं म्हणणं असं की गोष्ट त्या पोरीची आहे, त्याची नाहीच. असेल बाई. पण रोमान्स म्हणून विकत घेणार असाल तर माहीत असू द्या, कारण रोमान्सचा अलिखित करारच असतो की शेवट गोड किंवा निदान आशेचा होणार, आणि इथे तो होत नाही.

सुरुवात कुठल्या पुस्तकाने करू?

इंग्रजी बऱ्यापैकी वाचत असाल तर टालिया हिबर्टचं 'गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन', २०१९ चं. क्लोईला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर दुखणं आणि थकवा, बाहेरून काही दिसत नाही. आपल्याकडच्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात या आजाराचं नाव नाही, म्हणजे इथे असती तर प्रमाणपत्रासाठी चकरा मारून दमली असती. मला त्यातलं सगळ्यात काय आवडलं तर दुखणं रोजचं आहे, आज जास्त आहे, उद्या कमी आहे, आणि हिरो ते बघून घाबरत पण नाही आणि देवदूतासारखा पण वागत नाही. खुर्ची पुढे सरकवतो, विषय संपला.

दुसरं हेलन होआंगचं 'द किस कोशंट', २०१८ चं. नायिका स्टेला आकडेमोडीत हुशार, ऑटिझम असलेली, स्पर्श आणि जवळीक तिला अवघड जाते म्हणून ती चक्क पैसे देऊन एका माणसाकडून शिकायचं ठरवते. लेखिकेलाही मोठेपणीच ऑटिझमचं निदान झालेलं, आणि ते वाचताना जाणवतं, कारण स्टेलाच्या डोक्यात काय चाललंय ते आतून लिहिलंय, बाहेर उभं राहून कुतूहलाने नाही. आधीच सांगते, उघड उघड शृंगार आहे. नंतर मला बोलायचं नाही.

आणि फुकटात काही हवं असेल, शिवाय जुनं इंग्रजी झेपत असेल, तर विल्की कॉलिन्सचं 'पुअर मिस फिंच', १८७२ चं. हे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर कायदेशीर फुकट आहे. ल्युसिला लहानपणापासून अंध, हुशार, हट्टी, आणि तिला गडद रंगांची भीती, न बघता! तिच्या प्रियकराला फेफरं येतं, त्यावर चांदीच्या क्षाराचं औषध घेऊन घेऊन त्याची कातडी काळीनिळी पडते, आणि तो ते तिच्यापासून लपवतो. मग ऑपरेशन होऊन तिला दिसायला लागतं, आणि त्याचा जुळा भाऊ मध्ये कडमडतो, अगदी आपल्या सिरीयलसारखं. पण मजा पुढे आहे. ती दृष्टी परत जाते, आणि ल्युसिला त्यावर रडत बसत नाही, उलट आहे तशीच सुखात लग्न करते. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस माझ्या कसोटीत पास झाला आणि आजचे कित्येक नापास होतात, आता बोला.

इंग्रजी जमत नाही. मराठीत काय आहे?

खरं सांगायचं तर कमी आहे. मराठीत अपंग माणसांची आत्मकथनं चांगली आहेत, नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं, पण ती प्रेमकथा नाही आणि तिने असावं अशी अपेक्षाही नाही. प्रेमकथा शोधायच्या तर ई साहित्य प्रतिष्ठानची फुकट ई-बुकं चाळा, बुकगंगावर विकतची बघा, स्टोरीटेलवर मराठी ऑडिओबुकं भरपूर आहेत ती ऐका. अपंग नायक-नायिका असा वेगळा कप्पा मला कुठे सापडलेला नाही, त्यामुळे खणावं लागतं.

प्रतिलिपी या गोष्टींच्या ॲपवर मात्र मराठी प्रेमकथांचा पूर आहे आणि त्यात व्हीलचेअर पण भरपूर आहेत. अडचण एवढीच की साचा ठरलेला असतो. करोडपती हिरो, अपघात, व्हीलचेअर, त्यामुळे तिरसट झालेला, घरच्यांनी जबरदस्तीने लावलेलं लग्न, गरीब पण गोड बायको, आणि सत्तराव्या भागात बायकोवर संकट आलं की हा ताडकन उठून उभा! कधी कधी तर तो आधीपासूनच चालू शकत असतो, नाटक करत असतो. आमच्यातल्या सेरेब्रल पाल्सीवालीचं म्हणणं, मी पण थांबते, बघू कोण संकटात येतं ते. तरी सांगते, त्याच ढिगाऱ्यात मला दोन-तीन छोट्या कथा अशा मिळाल्या की ज्यात बहिरी मुलगी आणि तिचा नवरा खाणाखुणांनी भांडतात आणि दिवा मालवला की भांडण आपोआप थांबतं. हे बाहेरच्याला सुचत नाही. ज्याने लिहिलंय त्याने जवळून बघितलंय.

सर्च करताना नेमकं काय टाकायचं?

नुसतं 'डिसेबल्ड रोमान्स' टाकलं तर कचरा जास्त येतो. नेमकी अवस्था टाका: ब्लाइंड हिरोईन, डेफ हिरो, ॲम्प्युटी, क्रॉनिक पेन, ऑटिस्टिक, व्हीलचेअर, स्टॅमर. मराठीत अंध, कर्णबधिर, पोलिओ, कुबडी, पांगळा, मुका असे जुने शब्द पण टाका, कारण वीस वर्षांपूर्वीच्या लेखकाला दिव्यांग शब्द माहीत नव्हता. गुडरीड्स या पुस्तकांच्या साइटवर वाचकांनी केलेल्या याद्या असतात त्या उपयोगी पडतात. स्टोरीग्राफ ही तशीच दुसरी साइट, तिच्यावर पुस्तकात त्रासदायक काय आहे त्याची सूचना वाचकच देतात, तिथे 'एबलिझम' म्हणजे अपंगांना कमी लेखणं असं बऱ्याच जणांनी नोंदवलेलं दिसलं की मी दोन वाईट रिव्ह्यू वाचून मगच पुढे जाते.

'ओन व्हॉइसेस' हे लेबल पण दिसेल. लेखक स्वतः त्या गटातला असा त्याचा अर्थ, २०१५ मध्ये एका लेखिकेने ट्विटरवर चालू केलं होतं. नंतर त्याचा उलटा त्रास व्हायला लागला, लेखकांवर स्वतःचा आजार जाहीर करायचं दडपण यायला लागलं, म्हणून २०२१ मध्ये 'वी नीड डायव्हर्स बुक्स' या संस्थेने ते वापरणं थांबवलं. जुन्या याद्यांमध्ये सापडेल, वापरा, पण ते नाही म्हणून पुस्तक टाकून देऊ नका.

मराठी पीडीएफ उघडली की फोन भलतंच काहीतरी बडबडतो. फोन बिघडलाय का?

फोन ठणठणीत आहे, पीडीएफ आजारी आहे. दोन आजार असतात.

पहिला म्हणजे जुना फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव वगैरेमध्ये टाईप केलेलं पुस्तक डोळ्याला मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच भरलेली असतात. टॉकबॅक (फोनवर) किंवा एनव्हीडीए (कॉम्प्युटरवर), म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, बिचारं आत जे आहे तेच वाचतं. ओळखायची युक्ती सोपी आहे, एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, तिथे वाचता आली तर युनिकोड, म्हणजे खरी मराठी अक्षरं आहेत, अगम्य चिन्हं आली तर नाही. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरांची वाट लागते, विशेषतः रफार आणि पहिली वेलांटी.

दुसरा आजार म्हणजे स्कॅन. पुस्तकाचे नुसते फोटो. त्यावर ओसीआर करावं लागतं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करायचा. कॉम्प्युटरवर गूगल ड्राइव्हमध्ये फाइल टाकून ती गूगल डॉक्समध्ये उघडली की हे होतं, मराठीला बरं जमतं. मोठी पीडीएफ असेल तर वीस-वीस पानांचे तुकडे करा. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका राहतात. आमच्या एका मित्राने असं करून एक अख्खी कादंबरी ऐकली, त्यात नायकाचं नाव शेवटपर्यंत तीन वेगवेगळ्या प्रकारे येत होतं आणि त्याला वाटत होतं की प्रेमाचा चौकोन आहे.

म्हणून निवड असेल तर कायम ई-पब प्रकारची फाइल घ्या. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप जुळतात, वाचून घेता येतं, वाचायचं थांबलं तिथे खूण राहते. रीडएरा नावाचं ॲप ई-पब उघडतं आणि मोठ्याने वाचतं पण, फोनमधल्या गूगलच्या आवाजात मराठी आहे, सेटिंगमध्ये भाषा निवडून घ्या. आवाज जरा बातम्या दिल्यासारखा आहे. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य धरणातून पाणी सोडल्याच्या सूचनेसारखं येतं, आठवड्याभरात सवय होते.

विकत घेण्याआधी कसं कळणार की माझ्या फोनवर वाचून होईल?

किंडलवर पुस्तकाच्या माहितीत स्क्रीन रीडर सपोर्ट आहे की नाही ते लिहिलेलं असतं, खाली सरकून बघा. गूगल प्ले बुक्सवर 'फ्लोइंग टेक्स्ट' असेल तर उत्तम, फक्त 'ओरिजिनल पेजेस' असेल तर ते स्कॅनचंच भावंड. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून आहेत, पण सगळी सारखी बनवलेली नाहीत, त्यामुळे फुकटचं सँपल उतरवा, टॉकबॅक लावा, दोन पानं ऐका आणि मगच पैसे द्या. पैसे गेल्यावर ऐकलं तर प्रेमभंग तुमचा होतो.

सुगम्य पुस्तकालय म्हणजे काय, आणि मला मिळेल का?

२०१६ च्या ऑगस्टमध्ये चालू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे, केंद्राच्या अपंग सक्षमीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएससोबत केलेलं. छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे अंध, कमी दिसणारे, डिस्लेक्सिया असलेले, किंवा हातात पुस्तक धरता-उलटता न येणारे. डेझी फोरमच्या सदस्य संस्थेमार्फत नाव नोंदवायचं. आपल्याकडे नाशिकच्या सातपूरला नॅबचं, म्हणजे अंधांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं, महाराष्ट्राचं काम चालतं, अंध व्यक्तीने पहिली चौकशी तिथे करावी. बुकशेअर हेही तसंच, तिथे इंग्रजी रोमान्सचा साठा दांडगा आहे, आणि डॉल्फिनचं ईझीरीडर ॲप त्याला जोडता येतं.

मला मात्र मिळत नाही! माझा पाय गेलाय, डोळे आणि हात शाबूत आहेत, म्हणजे छापील पुस्तक मला वाचता येतं. आधी राग आला होता, मग पटलं. हे अपंगत्वाचं बक्षीस नाही, छापील पान ज्याला बंद आहे त्याच्यासाठी उघडलेलं दार आहे. तिथून घेतलेली फाइल इतरांना फॉरवर्ड करायची नाही, मैत्रिणीने गळ घातली तरी नाही.

आणि घरी एखादं पुस्तक स्कॅन करून अंध भावाला वाचण्याजोगं करून दिलं तर गुन्हा का, असं एका काकूंनी घाबरत विचारलं होतं. नाही काकू. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, अपंग माणसाला वाचता यावं म्हणून, नफा न कमावता, असं रूपांतर करायला मुभा आहे. पुढच्याच वर्षी जगभरासाठी माराकेशचा करार झाला आणि तो मंजूर करणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. असल्या बाबतीत आपण पहिले, हे ऐकून मला दोन दिवस बरं वाटत होतं.

टेलिग्रामवर सगळं फुकट मिळतं की. मग एवढा खटाटोप कशाला?

मिळतं. बहुतेक स्कॅन असतं, पानं गायब असतात, आणि ज्या चार लेखिका आपल्यासारख्यांवर गोड शेवटाच्या गोष्टी लिहितात त्यांनाच आपण उपाशी ठेवायचं. मी नाही घेत.

हात थरथरतात, पान उलटताना दहा पानं पुढे जातात. काय करू?

किंडलच्या अँड्रॉइड ॲपमध्ये आणि रीडएरामध्ये आवाजाच्या बटणाने पान उलटायची सोय आहे, सेटिंगमध्ये चालू करा. फोन हातात धरूच नका, पाटावर किंवा मोबाईल स्टँडवर ठेवा. डिस्लेक्सिया असेल तर ओळींमधलं अंतर वाढवा, अक्षर मोठं करा, मागचा रंग पांढऱ्याऐवजी पिवळट. किंडलवरचा ओपनडिस्लेक्सिक फॉन्ट इंग्रजीपुरता आहे, मराठीला त्याचा उपयोग नाही.

घरात सगळे असतात आणि माझा फोन मोठ्याने वाचतो. नेमका नको तो सीन येतो!

हा आमच्याकडचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि विचारणारा दरवेळी म्हणतो की मित्रासाठी विचारतोय. आमच्यातल्या एकाचं झालं ते सांगते, त्याची परवानगी घेतलीय. दिवाळीची दुपार, हॉलमध्ये मामा-मामी, चिवडा चालू. ह्याच्या ब्लूटूथ इअरफोनची बॅटरी मेली आणि आवाज सरळ फोनच्या स्पीकरवर. 'त्याने तिच्या पाठीवरून हात' एवढं त्या बातम्यांच्या आवाजात खणखणीत ऐकू आलं. मामी म्हणाल्या, कुठलं डॉक्टरचं पुस्तक आहे का रे. हा म्हणाला, हो, फिजिओथेरपी.

तर वायरवाला इअरफोन एक जवळ ठेवा, तो असा दगा देत नाही. पडद्यावरून कुणी डोकावत असेल तर टॉकबॅकमध्ये स्क्रीन लपवायची सोय आहे, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर चालू असताना तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की पडदा काळा होतो, आवाज चालू राहतो. डोळसांना ही चैन नाही, त्यांना कव्हर लपवत बसावं लागतं.

मुलीला पोलिओ आहे. असली पुस्तकं वाचून तिच्या अपेक्षा वाढतील, नंतर दुःख होईल. देऊ का नको?

हा प्रश्न एका आईने विचारला होता, गंगापूर रोडला एका लग्नात, पंगतीत माझ्या शेजारी बसून, आवाज अगदी खाली करून. मला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण माझी आई पण असंच म्हणायची, शब्द वेगळे होते. मी तिला एवढंच विचारलं की तुमची दुसरी मुलगी दिवसभर सिरीयल बघते, तिच्या अपेक्षा वाढत नाहीत का. ती हसली, मग जिलबी खाल्ली, मग म्हणाली पुस्तकाचं नाव लिहून दे. मुलगी एकोणीस वर्षांची होती म्हणून क्लोई ब्राउन लिहून दिलं. सोळाची असती तर दुसरं काहीतरी शोधलं असतं, कारण शृंगाराचं मी वर सांगितलंच. रिव्ह्यूमध्ये 'क्लोज्ड डोअर' असं लिहिलेलं असेल तर बेडरूमचं दार लेखकाने लावून घेतलंय असं समजा, 'स्टीमी' असेल तर सताड उघडं आहे.

तुमच्यात यायचं असेल तर? पायऱ्या आहेत का?

आधी एका सभागृहात भेटायचो, नाव घेत नाही, तिथली लिफ्ट चार महिने 'उद्या चालू होईल' अशी होती आणि व्हीलचेअर उचलून नेताना आमची सेरेब्रल पाल्सीवाली बिचारी प्रत्येक पायरीला सॉरी म्हणायची, चूक कुणाची आणि सॉरी कोण. आता एकीच्या घरी भेटतो, इंदिरानगरला, तळमजला, उंबरा सुद्धा काढून टाकलाय. येताना पुस्तक वाचून या, निदान शेवट तरी, कारण पहिला प्रश्न तोच असतो. चहा आमच्याकडून, भडंग ज्याची पाळी त्याचं.